सुपरवायझरांसाठी दहा तासांचा ‘जॉब रिलेशन्स’ कोर्स: घ्यावा का?

कुपवाड असो, मिरज, सातारा किंवा शिरवळ. सुपरवायझरला ‘माणसं सांभाळायला’ शिकवायचं ठरलं की हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात एक दिवसाचं शिबिर लागतं. सकाळी पोहे, मध्ये व्हिडिओ आणि टाळ्या, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. लोक खरोखर भारावून परत येतात. पुढच्या सोमवारी पहिल्या शिफ्टला तीन माणसं गैरहजर निघाली की पुन्हा जुनाच आवाज लागतो. यात त्या सुपरवायझरचा दोष नाही. चांगलं वागावं हे त्याला शिबिराआधीही माहीत होतं. तीन माणसं नसताना नेमकं काय करायचं, हे मात्र त्याच्याकडून कुणी करून घेतलेलं नसतं. ती उणीव टीडब्ल्यूआयचा ‘जॉब रिलेशन्स’ कोर्स भरून काढतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो: जरूर घ्या, पण त्यातली चौथी पायरी, म्हणजे नंतर परिणाम तपासणं, पाळायची तयारी असेल तरच.

टीडब्ल्यूआय म्हणजे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ मध्ये, अमेरिकन सरकारनं ही योजना चालवली. जुने हात सैन्यात गेले, नवखी माणसं कारखान्यात आली आणि सुपरवायझर घाईनं तयार करावे लागले. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी ती पद्धत उचलली आणि टिकवली. मूळ पुस्तिका सरकारी असल्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतात. काम शिकवणं आणि कामाची पद्धत सुधारणं यांचे कोर्स वेगळे आहेत. इथे फक्त माणसांच्या भागाबद्दल लिहितोय.

दोन तासांची पाच सत्रं, एका वेळी दहा सुपरवायझर. बारावा, पंधरावा माणूस ‘बसू दे मागं’ म्हणून घुसवू नका. प्रत्येकानं आपल्या खात्यातला एक खरा प्रश्न मांडायचा आणि सगळ्यांनी तो पायरीपायरीनं सोडवायचा, हाच या कोर्सचा गाभा आहे. माणसं वाढली की निम्मे नुसते ऐकून घरी जातात.

हातात मिळतं ते खिशात मावणारं एक कार्ड. एका बाजूला चार पाया-गोष्टी: आपलं काम कसं चाललंय हे प्रत्येकाला कळू द्या, श्रेय वेळेवर द्या, ज्याचा परिणाम माणसावर होणार तो बदल त्याला आधी सांगा, ज्याच्या अंगात जे आहे त्याचा पुरता उपयोग करा. वाचायला साधं, पाळायला अवघड. इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याचा, आवाज बदलला म्हणून ऑपरेटरनं स्वतःहून मशीन थांबवली आणि जॉब वाचला, तर शाब्बासकी त्याच शिफ्टला मिळायला हवी. दिवाळीच्या मिठाईच्या बॉक्सबरोबर ती पोचत नाही. आणि सोमवारचा शिफ्ट-बदल रविवारी रात्री दहा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे आधी सांगणं नव्हे.

कार्डाच्या दुसऱ्या बाजूला प्रश्न हाताळायच्या चार पायऱ्या: माहिती गोळा करा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. त्यांच्याही आधी, आपल्याला नेमकं काय साधायचंय ते ठरवायचं. एका उदाहरणावर चालवून बघू.

समजा, सीएनसीवरचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा) एक चांगला ऑपरेटर महिन्यात पाच वेळा पहिल्या शिफ्टला पाऊण तास उशिरा आलाय. साधायचं काय? ‘याला धडा शिकवायचा’ असं मनात असेल तर पुढच्या चारही पायऱ्या वाया गेल्या. ‘मशीन सातला सुरू झाली पाहिजे’ असं लिहा. मग हजेरीपट काढा आणि तारखा बघा. पाचही उशीर दोनच आठवड्यांत आलेत. लेट मार्कचा लेखी नियम बघा, आणि खात्यात चालत आलेली रीतही बघा: आणखी कुणाला सूट दिली होती का? त्यानंतर त्याच्याशी बोला. माणूस कोरेगावकडचा, घरी एकरभर आल्याचं पीक. त्या दोन आठवड्यांत शेतीपंपाची वीज रात्रीची होती. रात्रभर दारं धरून, म्हणजे पिकाला पाणी देऊन, पहाटे अंग टाकलं की सहाची गाडी चुकणारच.

आता तोला. वॉर्निंग लेटर हा एक पर्याय. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात दुसऱ्या ऑपरेटरशी शिफ्टची अदलाबदल, हा दुसरा. घरातल्या कुणाकडे तरी पाणी सोपवता येतं का हे त्यालाच विचारणं, हा तिसरा. प्रत्येक पर्याय चार गोष्टींवर घासायचा: ठरवलेलं साधतंय का, त्या माणसावर काय परिणाम, बाकीच्यांवर काय, उत्पादनावर काय. अदलाबदलीत बाकीचे म्हणणार, ‘मग आम्हालाही द्या.’ म्हणून नियमच करा: दोघांची संमती, गुरुवारपर्यंत लेखी विनंती. तिसरी पायरी: हे आपल्या अधिकारात बसतं की मॅनेजरला विचारायला हवं? वरच्या साहेबावर ढकलून मोकळं व्हायचं नाही, आणि मशीन बंद पडलेली असताना निर्णय सांगायचा नाही. चौथी: पुढच्या रात्रीच्या विजेच्या आठवड्याची तारीख डायरीत. त्या दिवशी हजेरी, मशीन सुरू झाल्याची वेळ आणि अदलाबदल करणाऱ्या जोडीदाराची नाराजी, तिन्ही बघायचं.

चुकतं कुठं? सर्वात जास्त पहिल्या पायरीवर, आणि तिथंही माणसाचं मत आणि भावना समजून घेण्यापाशी. ‘का उशीर झाला?’ विचारलं की उत्तर तयार असतं: ‘साहेब, गाडी पंक्चर.’ हा प्रश्न चौकशीचा वाटतो, आणि चौकशीला माणूस कारण देतो, माहिती देत नाही. मशीनपासून लांब न्या, चहा द्या, ‘या दोन आठवड्यांत घरी काय चाललंय?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. अर्ध्या मिनिटाची शांतता सुपरवायझरला फार जड जाते. तो तिथंच सल्ला द्यायला लागतो आणि खरी गोष्ट आतच राहते. समोर वडिलांच्या वयाचे ‘नाना’ असतील आणि विचारणारा चोवीस वर्षांचा डिप्लोमावाला, तर हा भाग दोनदा सराव करून घ्यावा. ‘नाना, मला जरा समजून घ्यायचंय’ अशी सुरुवात चालते. सगळ्यांसमोर हटकलेले नाना पुढे सहा महिने कामाची खाचखोच सांगत नाहीत.

आपल्याकडची दुसरी अडचण म्हणजे गाव आणि भावकी. सुपरवायझर आणि ऑपरेटर एकाच गावचे असतात. सत्रात मांडलेली गोष्ट संध्याकाळी पारावर पोचते. म्हणून प्रश्न मांडताना नाव, मशीन नंबर, गाव काहीच नको. ‘एक अनुभवी ऑपरेटर’ एवढं पुरे. प्रशिक्षकानं पहिल्या दहा मिनिटांत हे बजावलं नाही, तर दहापैकी सात जण मिळमिळीत, बनवलेले प्रश्न आणतात आणि कोर्स तिथंच मरतो.

उणिवाही आहेत. पुस्तिकेतली उदाहरणं ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कारखान्यांतली; ती जशीच्या तशी वाचून दाखवली तर लोक जांभया देतात. पायऱ्या बदलू नका, पण उदाहरणं आपली घाला: ठेकेदाराचा हेल्पर आणि कायम कामगार यांच्यातला खटका, सोयाबीन काढणीतल्या दांड्या, मांढरदेवीच्या यात्रेची सुट्टी. मराठी भाषांतर पुस्तकी असेल तर तेही बदला. ‘वस्तुस्थिती संकलन’ म्हणण्यापेक्षा ‘आधी सगळं नीट कळू दे’ हे कार्डावर जास्त शोभतं. शिवाय हा कोर्स शिस्तभंगाच्या प्रक्रियेची जागा घेत नाही. चोरी, मारामारी, दारू पिऊन येणं, छळाची तक्रार, इथं कार्ड खिशात ठेवा आणि कायद्याची वाट धरा.

खर्चाचं म्हणाल तर खरा खर्च वेळेचा: दहा माणसं गुणिले दहा तास, म्हणजे शंभर मनुष्यतास. पहिली शिफ्ट सुटल्यावर दोन तास ठेवत असाल तर त्याचा मोबदला आणि परतीच्या बसची सोय आधी जाहीर करा. साप्ताहिक सुट्टीला बोलावू नका. सत्रं सहसा सलग पाच दिवस घेतात. आमच्या मते चार सलग घ्यावीत आणि पाचवं दहा-बारा दिवसांनी, म्हणजे प्रत्येकाला आपल्या प्रश्नावर चौथी पायरी करून येता येतं. प्रशिक्षक ठरवताना एकच विचारा: ‘पाचव्या सत्रात तुम्ही काय तपासता?’ तो सर्टिफिकेट वाटपाबद्दल बोलायला लागला तर दुसरा शोधा.

सहा-सात माणसांच्या वर्कशॉपला कोर्सची गरज नाही. मालकानं कार्ड छापून घ्यावं, आठवड्याला एकच प्रश्न वहीत चार पायऱ्यांत लिहावा. मोठ्या कंपनीनं मात्र मॅनेजरलाही त्याच दहांत बसवावं. सुपरवायझर माहिती गोळा करत असताना वरून ‘अजून लेटर का नाही दिलं?’ असा फोन आला तर शिकलेलं सगळं त्याच दिवशी पुसलं जातं.

वर्षातून एकदा दोन तासांची उजळणी लागतेच. त्यासाठी खंडेनवमीच्या आधीचा आठवडा बरा. मशीनची साफसफाई चालू असते, उत्पादनाचा ताण थोडा कमी असतो. प्रत्येकानं वर्षभरातला एक न सुटलेला प्रश्न आणावा, आणि कोणती पायरी गाळली ते कार्डावर पेन्सिलीनं खूण करून दाखवावं.