टीडीए २०३० चा अँप्लिफायर संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांत तीन फ्यूज उडाले आणि तिन्ही वेळा विक्रेत्याने दोष माझ्याच माथी मारला, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. संच बहुतेकांच्या परिचयाचा आहे : पुढे सिग्नल थोडा वाढवणारा प्रीअँप, त्यात एनई ५५३२ हा आयसी (चिप), मागे स्पीकर चालवणाऱ्या टीडीए २०३० या आयसीची जोडी आणि १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या लहानशा खोलीत सकाळी आकाशवाणी आणि संध्याकाळी नाट्यगीते ऐकावीत, यापलीकडे माझी अपेक्षा नव्हती.

प्रीअँपचा बोर्ड आधी आला आणि काटकसरीने उचल खाल्ली. ५५३२ हाही अँप्लिफायरच, मग दुसऱ्या बोर्डाचे पैसे कशाला, अशा हिशेबाने मी त्याच्याच आउटपुटला आठ ओहमचा स्पीकर जोडला. डास कानाशी गुणगुणावा तेवढेच गाणे ऐकू आले आणि तेही फाटलेले. आयसी बनावट आहे अशी माझी खात्री झाली आणि तशी तक्रारही मी नोंदवली. ती तक्रार चुकीची होती. ५५३२ हा ऑप-अँप, म्हणजे दोन इनपुटांतला फरक वाढवणारा आयसी आहे. ६०० ओहमचा भार तो आरामात ओढतो, पण त्याचा प्रवाह चाळीसेक मिलिअँपच्या आसपास थांबतो आणि तेवढ्या प्रवाहातून आठ ओहमच्या स्पीकरला फार तर सहा-सात मिलिवॉट मिळतात. त्याच स्पीकरला आठ वॉट द्यायचे, तर साधारण ११ व्होल्टच्या शिखरावर १.४ अँपिअर लागतात. आता ११ व्होल्टपर्यंत ५५३२ सुद्धा सहज जातो. तो कमी पडतो तो फक्त प्रवाहात, आणि तोही पस्तीसेक पटींनी. दुसऱ्या बोर्डाचे पैसे मी निमूटपणे भरले.

जाहिरातीत ‘प्रत्येकी ३० वॉट’ असे लिहिले होते, ते विसरावे. निर्मात्याच्या डेटाशीटप्रमाणे टीडीए २०३० कडून ±१४ व्होल्टच्या सप्लायवर आठ ओहममध्ये आठ वॉटची हमी आहे आणि माझ्या खोलीला तेवढे पुरून उरतात.

पुरून उरतात, यातूनच दुसरा घोळ झाला. आवाजाचा खटका पाव फिरवला तरी खोली दणाणून जाई. या आयसीला पाचच पाय आहेत : दोन इनपुट, एक आउटपुट आणि दोन सप्लायचे. कागदावर काढला तर तो ऑप-अँपच दिसतो आणि ऑप-अँपचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पटींनी वाढवतो ते, दोन रेझिस्टरांनी ठरतो, एवढे मला ठाऊक होते. मी फीडबॅकचा २२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २.२ चा बसवला, म्हणजे ६८० ओहमच्या जोडीने गेन तेहतिसावरून चारावर आणला. स्पीकर शांत होता, गाणे सुरू नव्हते, तरी हीटसिंकला, म्हणजे आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, हात लावून ठेवणे अशक्य झाले आणि आउटपुटजवळचा एक ओहमचा रेझिस्टर तपकिरी पडला. कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनसंख्येवर आयसी आपण होऊन थरथरत होता. ५५३२ ला गेन एकवर ठेवला तरी तो स्थिर राहतो. टीडीए २०३० ला मात्र गेन २४ डेसिबेलच्या, म्हणजे सुमारे सोळा पटींच्या वर लागतो. ही चूक सर्वस्वी माझी होती.

फ्यूजची गोष्ट मात्र वेगळी आहे. ५५३२ हा आठ पायांचा प्लॅस्टिकचा किडा. त्याच्या पाठीला धातू नाही आणि त्याला हीटसिंकही लागत नाही. टीडीए २०३० च्या पाठीला जो धातूचा पत्रा आहे, तो आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे ऋण सप्लायला जोडलेला असतो. विक्रेत्याने दोन्ही आयसी मध्ये काहीही न घालता थेट हीटसिंकवर आवळले होते. कुणीतरी झाकणावर फुलदाणी ठेवली, झाकण वाकून हीटसिंकला टेकले, ऋण सप्लाय कॅबिनेटशी शॉर्ट झाला आणि फ्यूज गेला. नवा घातला, दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. अखेर मल्टिमीटरचे एक टोक हीटसिंकला आणि दुसरे कॅबिनेटला लावले, तर उणे १६ व्होल्ट दिसले! माझ्या तक्रारीवर विक्रेत्याचे उत्तर होते, ‘झाकण दाबू नका.’

मध्ये वीज अडवणारी एक अभ्रकाची चकती असती, तर यातले काहीही झाले नसते. तिची किंमत काही रुपये. त्यासाठी मी ठाण्याहून दादर आणि गाडी बदलून ग्रँट रोड असा प्रवास करून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून दहा चकत्या आणल्या. तिकिटाच्या पैशांत आणखी कितीतरी आल्या असत्या. चकत्या बसवल्या, झाकण लावले आणि तिसरा फ्यूज उडाला. चकतीमुळे पाठ वेगळी झाली होती, पण लोखंडी स्क्रू पाठीला आणि हीटसिंकला जोडतच होता. त्याच्याभोवती प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे नळीसारखा तुकडा, लागतो, हे मला सुचले नव्हते. या तिसऱ्या फ्यूजबाबत विक्रेता बरोबर होता, हे मान्य करणे भाग आहे. बुशसाठी लॅमिंग्टन रोडची दुसरी फेरी झाली.

आता मल्टिमीटर आयसीची पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये गप्प राहतो. गेले दहा आठवडे संच रोज चार तास चालतो आहे आणि तबल्याची थाप किमतीच्या मानाने फारच स्वच्छ येते. पुढच्या प्रत्येक संचात दोन चकत्या आणि दोन बुश घालावेत, अशी विनंती मी विक्रेत्याला लेखी केली. उत्तरादाखल त्याने मला नव्या डिजिटल बोर्डाची किंमत पाठवली.