फॉयर की ‘आधी घर’?

घर सुटलेल्या तरुणांसाठी या दोन वाटांची चर्चा वारंवार होते. फॉयर ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समधली. 1990च्या दशकात ती ब्रिटनमध्ये रुजली. इथे स्वतःची खोली मिळते, पण शिक्षण, प्रशिक्षण किंवा नोकरीचा शोध चालू ठेवावा लागतो. सोबतीला समवयस्क असतात, स्वयंपाकापासून महिन्याचा खर्च भागवण्यापर्यंत शिकवणारं कुणीतरी जवळ असतं. मुदत संपली की मात्र खोली सोडायची.

‘आधी घर’, म्हणजे हाउसिंग फर्स्ट, 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, तेही मानसिक आजार असलेल्या बेघर प्रौढांसाठी. आधी व्यसन सोडा, मग किल्ली देऊ, असा सौदा त्यात नाही. कॅनडात ते तरुणांसाठी नव्याने बेतलं गेलं. अडचण एकटेपणाची आहे. अठरा वर्षांच्या पोराला रिकाम्या घराची किल्ली दिली, तर रात्री बोलायचं कुणाशी? म्हणून तिथे मदतनीसाचं नियमित येणं-जाणं घराइतकंच मोलाचं.

जो सकाळी उठून वर्गात जाऊ शकतो, त्याला फॉयर मानवेल. ज्याची घडीच विस्कटली आहे, तो अटी मोडणार आणि पुन्हा रस्त्यावर येणार. त्याला अटींशिवायचं घरच द्यावं, असं मला वाटतं.