आठ महिने लॉगर वापरल्यावर: हवेचा दाब मोजायची सोय आधी बघा

विहिरीत सोडून पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारा हा लॉगर चांगला आहे. बॅटरी टिकते, पाण्यात कितीही दिवस राहू द्या. पण विकणाऱ्याने हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर 'नंतर घ्या, आत्ता गरज नाही' म्हणून सांगितलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

हा बिनव्हेंटचा प्रकार, म्हणजे पाण्याच्या दाबात वरच्या हवेचा दाबही धरून मोजतो. पुण्यात घरी कोरड्या टेबलावर ठेवला तरी साडेनऊ मीटरच्या वर पाणी दाखवतो. तेवढं वजा केलं की झालं, असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीत पुरंदरमध्ये पंपिंग टेस्ट केली, म्हणजे एका विहिरीतून पाणी उपसत राहून आजूबाजूची पातळी किती उतरते ते बघितलं. थ्री फेज दिवसाच मिळते, म्हणून मोटर दहाला सुरू, चारला बंद. चाळीस मीटरवरच्या दुसऱ्या विहिरीत लॉगरने पातळीत 12 सेंमी उतार दाखवला. तो थाइसच्या वक्रावर (उतारावरून खडकाचे गुण काढायचा ठरलेला आलेख) बसवला, आकडे भूजलाच्या मॉडेलमध्ये घातले, तर विहिरी फेब्रुवारीतच कोरड्या! विहिरीचे मालक मामा म्हणाले, "अहो साहेब, मी एप्रिलपर्यंत भिजवतो."

तेव्हा त्या दिवशीची हाताने घेतलेली टेपची नोंद काढली. उतार होता 8.5 सेंमी. उरलेले साडेतीन हवेचे. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. नेमकी आमच्या टेस्टची वेळ! एक मिलिबार म्हणजे साधारण एक सेंमी पाणी. त्यामुळे ट्रान्समिसिव्हिटी (खडकातून पाणी किती सहज वाहतं) आणि स्टोरेज (खडक किती पाणी साठवून सोडतो) दोन्ही खऱ्यापेक्षा कमी आले. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, स्टोरेज मुळात दोन-तीन टक्के, त्यात ही चूक परवडत नाही.

फोन केला तर दुकानदार म्हणतो, आता हवेसाठी दुसरा लॉगर घ्या. एवढे पैसे पुन्हा कशाला घालायचे? माझ्या मोबाइलमध्येच बॅरोमीटर निघाला. दर दहा मिनिटांची नोंद ठेवणारं फुकटचं ॲप टाकलं. फोन काठावर सावलीत ठेवायचा आणि टेस्ट संपेपर्यंत उचलायचा नाही. आठ-नऊ मीटर उंची बदलली तरी एक मिलिबार बदलतो.

मार्चपासून असंच करतोय आणि मत बरंच बदललं. दिवसाची वीज गेल्यावर विहीर कशी भरत येते, ते पहाटेपर्यंत मिनिटामिनिटाला मिळतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साडेआठ हजार लिटर. पंप चालू झाल्यावर आधी हेच साठलेलं पाणी उपसलं जातं, खडकाचं नंतर. म्हणून मला भरण्याच्या नोंदीवर जास्त भरवसा वाटतो, आणि ती टेपने रात्रभर जागून घेणं माझ्याच्याने झालं नसतं.

घेणाऱ्यांनी बॅरोमीटर धरूनच भाव विचारा. टेपही सोबत न्या, तासाला एक नोंद हाताने घ्या.