लातूर ते अंबाजोगाई, विजेच्या स्कूटरवर: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत घेतलेल्या माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरचे परवा ६,००० किलोमीटर पूर्ण झाले. गावात ती छान चालते, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही. लिहायचंय ते लातूरहून अंबाजोगाईला मित्राकडे जाण्याबद्दल. गाडी घेण्याआधी मी हेच विचारत फिरत होतो आणि कुणी धड सांगत नव्हतं. एका बाजूचं अंतर साधारण ६० किलोमीटर. महिन्यातून एकदा जाणं होतंच.

बॅटरी ३ किलोवॉट-अवरची. कागदावर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापायचं अंतर, १२० किलोमीटर लिहिलेली. कमी वीज खाणाऱ्या इको मोडवर ठेवून ताशी ४५ च्या पुढे नेली नाही तर मला ९० मिळते. पण पहिल्याच खेपेला पावसाळी वारा समोरून होता. पिंपळफाट्यापर्यंत मी निवांत होतो, बर्दापूरजवळ ४५ टक्के दिसले आणि छातीत धस्स झालं. मित्राच्या दारात पोचलो तेव्हा १८ टक्के उरले होते. पुढच्या एका खेपेला वारा पडला होता, त्याच अंतराला ६५ टक्केच लागले. तेव्हा रेंज विचारताना महिना आणि वाऱ्याची दिशाही विचारा.

दारात पोचलो खरा, पण चार्जर काही चालेना. लाल दिवा. वायरमनने बोर्ड उघडून पाहिलं तर घराला अर्थिंग, म्हणजे वीज जमिनीत उतरवायची जोडणी, फक्त नावाला. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी अंगणात खड्डा घेतला, त्यात पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. दिवा हिरवा झाला. एप्रिलमध्ये पुन्हा लाल. काळी माती, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. मातीत ओलच नाही तर अर्थिंग धरणार कसं? वहिनींनी दोन बादल्या पाणी ओतलं आणि पंधरा मिनिटांत चार्जिंग सुरू. आता मी निघताना फोन करतो, तेव्हाच त्या खड्ड्यात पाणी सोडून ठेवतात. खेड्यात किंवा जुन्या घरात गाडी लावणार असाल तर आधी अर्थिंग तपासा, मग रंग निवडा.

घरच्या चार्जरने परतीपुरतं भरायला चार तास लागतात. पूर्वी पेट्रोलच्या गाडीवर जायचो तेव्हा चहा घेतला की अर्ध्या तासात निघायचो. आता निघताच येत नाही. मी उठायला लागलो की मित्र गाडीच्या मीटरकडे बोट दाखवतो, "बावन्नच टक्के झालंय, कामून गडबड करायलास?" मग जेवण होतं, ऊन उतरलं की आम्ही मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरतो. शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या कवीच्या त्या दरीत बसून दोघांनी वडिलांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा मोकळेपणी बोललो. वीस वर्षांची मैत्री असून ते कधी झालं नव्हतं.

रस्त्याचं सुख तर विचारूच नका. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे मांजरेच्या पुलावर पाण्याचा आवाज येतो, सोयाबीन वाळलं की शेंगांची खुळखुळ ऐकू येते. ऑक्टोबरात सीताफळं पायाशी ठेवून आणली, जानेवारीत डिकीत हुरडा. हिवाळ्यात मात्र उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागे रिफ्लेक्टर नसतो. अंधार पडायच्या आत घर गाठा.

तक्रार सर्व्हिसबद्दल आहे. फेब्रुवारीत चार्जर बिघडला. सर्व्हिस सेंटरने "चार दिवसांत" म्हणत तीन आठवडे लावले, तात्पुरता दुसरा दिला नाही. एवढी महाग वस्तू विकताना एक चार्जर शिल्लक ठेवता येऊ नये, याचा मला अजून राग आहे. मेमध्ये ४२ अंशांत पोचल्या पोचल्या बॅटरी चार्जच घेत नाही. लिंबाखाली अर्धा तास गार होऊ द्यावी लागते.

बदलून दुसरी घेणार का, असं शेजारी विचारत होते. जास्त रेंजची, तासाभरात चार्ज होणारी गाडी आली आहे म्हणे. मी नको म्हणालो. उद्या रविवार आहे, सकाळी सहाला निघतोय. वहिनींना पाण्याचं सांगून झालंय.