नोट गायब झाली की लवकर कुठे सापडते? म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको की लिलीपॉन्ड

२६ ऑगस्ट २०२४ ला फिनाले या संगीताच्या नोटेशनच्या (स्वर कागदावर लिहायच्या) सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगून टाकलं की आता पुढचं डेव्हलपमेंट बंद, तेव्हापासून क्वायरमधल्या (समूहगानाच्या गटातल्या) लोकांचा मला एकच प्रश्न, आता त्याऐवजी कुठलं घेऊ? साउंड, फॉन्ट, किंमत यावर सगळेच बोलतात. मी फक्त एक गोष्ट बघतो, लिहिलेली नोट, म्हणजे स्वराची खूण, हरवली तर ती शोधायला किती वेळ जातो. रात्री साडेअकराला, उद्या प्रॅक्टिस असताना, वेळ तिथेच जातो ना.

माझंच सांगतो. एका कॅरलची अरेंजमेंट, सोप्रानो आणि आल्टो (बायकांचा वरचा आणि खालचा आवाज) एकाच स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या ओळीवर, पाचव्या बारच्या (मापाच्या) चौथ्या बीटला दोघींचा जी हा स्वर. प्रिंट एकदम ओके वाटत होती, पण प्रॅक्टिसला आल्टोवाल्या खालचा ई धरूनच बसल्या. म्हटलं जी कुठंय, तर म्हणे दादा, आम्हाला दिलेलाच नाही. नीट बघितलं तर जी च्या गोळ्याला वर जाणारी (सोप्रानोची) दांडी होती, खाली जाणारी (आल्टोची) नव्हतीच. आल्टोचा तिसऱ्या बीटचा क्रॉचेट (एका बीटची नोट) मी घाईत मिनिम (दोन बीटची) केला आणि त्याने पुढचा जी खाऊन टाकला. चूक शंभर टक्के माझी.

तर नोट गायब म्हणजे तीनपैकी एक काहीतरी असतं. खाल्ली गेलेली, आहे पण दिसत नाही, किंवा दिसते पण वाजत नाही. आधी हे ठरवा, मग सेटिंग उचका.

म्यूझस्कोर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि क्वायरसाठी मी डोळे झाकून हेच सांगतो. नोटवर क्लिक केलं की व्हॉइसचा (एकाच स्टाफवरच्या वेगळ्या आवाजाच्या ओळीचा) रंग दिसतो, पहिली निळी, दुसरी हिरवी, त्यामुळे माझ्यासारखी भानगड असेल तर बार सिलेक्ट करा, हिरवं कुठे कमी पडतंय ते लगेच कळतं. वाद्याच्या रेंजबाहेरची नोट स्क्रीनवर रंग बदलते, म्हणजे व्हायोलिनला त्याच्या सगळ्यात खालच्या जी च्याही खाली काही दिलं असेल तर न वाजण्याचं कारण समोरच दिसतं. गंमत एकच, नोट लपवायचं बटण व्ही आहे, आणि कीबोर्डवर व्ही च्या एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला बी. बोट घसरलं की सिलेक्ट असलेली नोट प्रिंटमधून गेली! पण ती वाजत राहते, यावरून ओळखायचं. व्ह्यू मेनूतून लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगितलं की करड्या रंगात दिसते. उलटं असेल, म्हणजे दिसते पण आवाज नाही, तर प्रॉपर्टीजमधली प्लेची टिक बघा, नाहीतर मिक्सरमध्ये कुठेतरी म्यूट किंवा सोलो दाबलेलं असतं. अख्खा स्टाफच नाही? वाद्यांच्या यादीच्या पॅनलमधलं डोळ्याचं चिन्ह बघा.

सिबेलियसमध्ये लपवायला कंट्रोल शिफ्ट एच, तीन बोटं लागतात, त्यामुळे चुकून कमी होतं. इथे खरा घोळ इन्स्पेक्टर पॅनलमध्ये असतो, कुठली नोट रिपीटच्या कितव्या वेळेला वाजायची त्याच्या टिका असतात. पहिल्यांदा वाजते आणि दुसऱ्यांदा नाही, असं झालं की लोक साउंड लायब्ररीला शिव्या देत बसतात. आणि फोकस ऑन स्टेव्हज (निवडक स्टाफच दाखवायची सोय) चालू राहिलं तर बाकीचे स्टाफ गेल्यासारखे वाटतात. स्टुडिओत समोरचा माणूस सिबेलियसच वापरत असेल तर वाद घालू नका, तेच घ्या.

डोरिको २०१६ चं, सिबेलियसची जुनी टीमच तिथे गेली. याचं मला आवडतं ते म्हणजे टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये किती बीट ते) बदलली तरी नोटा हरवत नाहीत, तो स्वतःच बार नव्याने पाडून टाय (दोन नोटा जोडणारी कमान) लावतो. इन्सर्ट मोड चालू असेल तर मधे घातलेली नोट पुढच्यांना सरकवते, खात नाही (म्यूझस्कोरमध्येही इन्सर्ट आहे, लोक वापरत नाहीत). पण प्लेअर (वाजवणारा किंवा गाणारा), फ्लो (संगीताचा एक तुकडा) आणि लेआउट (छापायची पानं) ही तीन नाती समजेपर्यंत डोकं फिरतं. फुल स्कोअरमध्ये (सगळ्यांच्या एकत्र पानांत) आहे पण पार्टमध्ये (एकाच वादकाच्या पानांत) नाही, असं झालं तर नोट शोधूच नका, सेटअपमध्ये जाऊन तो प्लेअर त्या फ्लोमध्ये आणि लेआउटमध्ये आहे का ते बघा. मोठा ऑर्केस्ट्रा असेल तर हा त्रास सोसण्यासारखा आहे, बारा जणांच्या क्वायरला कशाला.

लिलीपॉन्ड सगळं टाइप करून. प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ टाकायची सवय ठेवली तर बीट कमी पडल्यावर तो लाइन नंबरसकट ओरडतो, माझा जी खाल्ला गेला तसं तिथे झालंच नसतं, कारण नोट दुसऱ्या नोटला खातच नाही. मिडीचा ब्लॉक लिहायला विसरलात तर मात्र आवाजाची फाइलच येत नाही. माऊसशिवाय करमत नसेल तर नादी लागू नका.

फिनालेतून येणाऱ्यांनो, कुठलंही घ्या, पण फिनाले तुमच्या मशीनवर चालतंय तोवर सगळ्या फाइल्स म्यूझिकएक्सएमएलमध्ये (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फाइलचा प्रकार) काढून ठेवा, सोबत पीडीएफही. नव्या ठिकाणी उघडलं की पीडीएफ बाजूला ठेवून आधी लेयर दोन तपासा, तो इथे दुसरी व्हॉइस म्हणून येतो. दोन व्हॉइसचा एकच स्वर असेल तिथे दांड्या मोजा.