‘छपाईयोग्य डिझाइन’ शिकण्यासाठी भरलेले २८,००० रुपये

साताऱ्यात गेली १२ वर्षे मी मराठी टंकलेखनाची कामे घेते. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, शाळांच्या प्रश्नपत्रिका असे हे काम आहे. टाइप करून घ्यायला येणारी माणसे जाता जाता “ताई, लग्नपत्रिका पण करून देता का?” असे विचारत आणि मी त्यांना समोरच्या दुकानाकडे पाठवत असे. पुण्यातील एका संस्थेची ‘दोन महिन्यांत छपाईयोग्य डिझाइन, शासनमान्य प्रमाणपत्रासह’ अशी जाहिरात पाहिली, तेव्हा हे गिऱ्हाईक आपल्याच टेबलावर थांबेल, एवढाच माझा हिशेब होता. तक्रार अद्याप प्रलंबित असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही. मात्र फसवणूक कोणत्या पद्धतीने झाली, ते सविस्तर लिहिते.

पहिला वर्ग विनामूल्य होता. काचेच्या कपाटात मिठाईचे खोके, मसाल्याची पाकिटे, दिनदर्शिका आणि पत्रिका मांडून ठेवल्या होत्या व ते सर्व विद्यार्थ्यांचे काम असल्याचे सांगण्यात आले. शुल्क ४५,००० रुपये, परंतु त्याच दिवशी भरल्यास २८,००० रुपये. भिंतीवर चौकटीत केंद्रीय मंत्रालयाचे नाव असलेले एक प्रमाणपत्र लावलेले होते. ते उद्यम नोंदणीचे होते, हे मला फार उशिरा कळले. ही नोंदणी कोणताही लघुउद्योजक स्वतःच माहिती भरून विनामूल्य करू शकतो. तिचा अभ्यासक्रमाच्या दर्जाशी किंवा मान्यतेशी काहीही संबंध नसतो. शेजारी ‘आयएसओ ९००१’ असे लिहिलेला कागद होता, आणि तोही संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीपुरताच असतो. दुसऱ्यांचे अर्ज भरून देणाऱ्या बाईने ही दोन कागदपत्रे न वाचता पैसे भरावेत, याची मला आजही लाज वाटते. पावतीवर ‘प्रशिक्षण’ हा शब्द नव्हता. ‘नोंदणी व साहित्य शुल्क, परत मिळणार नाही’ असा शिक्का होता.

पुढचे आठ आठवडे दर शनिवार-रविवारी मी पहाटेच्या एसटीने पुण्याला जात राहिले. वर्गात तयार नमुने उघडायचे, त्यातील नाव, चित्र आणि रंग बदलायचे, आणि झालेले काम मोबाइलवर एकमेकांना पाठवायचे, एवढेच चालत असे. जाहिरातीत छापखान्याची भेट होती; ती कधी मशीन बंद म्हणून, कधी कामगार सुट्टीवर म्हणून पुढे ढकलली गेली आणि शेवटी झालीच नाही. एकदा मी शिक्षकांना विचारले, “सर, हे छापायला देताना वेगळे काही करायचे असते का?” ते म्हणाले, “ते छापणारा बघून घेतो, मॅडम. तुम्ही डिझाइनवर लक्ष द्या.” छपाईयोग्य डिझाइन शिकवण्यासाठी पैसे घेतलेल्या माणसाचे हे उत्तर होते आणि मी ते वहीत उतरवून घेतले.

प्रमाणपत्र मिळाल्यावर पहिले काम घरातलेच आले. मावसबहिणीच्या मुलीची लग्नपत्रिका, ५ बाय ७ इंच, ५०० प्रती. मोरपंखी पार्श्वभूमीवर भगवा गणपती आणि खाली काळ्या बारीक अक्षरांत आप्तेष्टांची नावे. छापखान्याचे मालक फाइल पाहून म्हणाले, “ताई, जरा नीट करून आणता का? कडेला जागा सोडलेली नाही.” मी त्यांना प्रमाणपत्राचा दाखला देऊन फाइल तशीच छापायला सांगितले. हा दोष माझा आहे, संस्थेचा नाही.

गठ्ठा हातात आला तेव्हा प्रथम रंग खटकला. पडद्यावर झळाळणारा मोरपंखी कागदावर शेवाळासारखा उतरला होता. मग मालकांनी एक पत्रिका भिंगाखाली धरली आणि मला पाहायला सांगितले. ‘श्री’च्या शिरोरेषेवर वरच्या बाजूने एक तांबडी आणि खालून एक निळसर केसाएवढी रेघ होती, मामा-मामींची नावे तर दोनदा लिहिल्यासारखी दिसत होती. पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे असतात आणि छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या अशा चार शाईंनी होते, ही अगदी पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट त्यांनी तेथे उभ्या उभ्या मला सांगितली. पडद्यावरचा शुद्ध काळा आपोआप शाईत बदलला गेला, तर तो साधारण ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असा चारही शाईंत विभागला जातो. प्रत्येक शाई छापणारा पत्रा, म्हणजे प्लेट, वेगळी असते; चार प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली, की बारीक अक्षराला अशी रंगीत किनार येते. अक्षरे केवळ १०० टक्के काळ्या शाईत ठेवली असती, तर ती एकाच प्लेटवर आली असती आणि हा प्रश्नच उद्भवला नसता.

कडेचा घोटाळा त्याहून साधा होता. गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो, तेव्हा पाते प्रत्येक कागदावर नेमके त्याच रेषेवर पडत नाही. म्हणून पार्श्वभूमी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवायची असते आणि मजकूर कडेपासून तेवढाच किंवा अधिक आत ठेवायचा असतो. माझ्या पत्रिकेला एका बाजूला पांढरी पट्टी राहिली होती आणि दुसऱ्या बाजूला कार्यालयाच्या पत्त्यातील ‘सातारा’चा शेवटचा काना कापला गेला होता. गणपती धूसर का झाला, तेही तेव्हाच उमगले. मोबाइलवर आलेले १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र छपाईच्या इंचाला ३०० ठिपके या मापाने जेमतेम ३.६ इंच पुरते. मी ते ५ इंचांवर ताणले होते.

पत्रिका पुन्हा छापून घेण्यासाठी मी पदरचे ९,५०० रुपये घातले. मालकांनी नवी फाइल शेजारी बसवून करून घेतली आणि शेवटी अक्षरांचे कर्व्ह करायला, म्हणजे अक्षरे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांत बदलायला लावले, कारण माझा फाँट त्यांच्या संगणकावर नसता तर मात्रा भलतीकडे गेल्या असत्या. दोन तासांच्या या शिकवणीचे त्यांनी काही घेतले नाही. जाता जाता मी संस्थेच्या कपाटातील मसाल्याच्या पाकिटाचे वर्णन केले, तेव्हा ते हसले आणि तसलेच एक पाकीट त्यांनी खणातून काढून दिले. छापखान्यांना नमुना म्हणून वाटले जाणारे ते पाकीट होते.

संस्थेने पावतीवरील शिक्का दाखवून पैसे परत करण्यास नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. हेल्पलाइन हे न्यायालय नव्हे. ती तक्रार समोरच्या पक्षाकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही. माझी अडचण अशी, की प्रशिक्षणाची आश्वासने तोंडी होती. जाहिरातीचे छायाचित्र मी योगायोगाने जपून ठेवले म्हणून निदान एक पुरावा हाती आहे. आपण कोठे शुल्क भरणार असाल, तर पावतीवर अभ्यासक्रमाचे नाव, तास आणि छापखान्याची भेट लिहून घ्या, प्रमाणपत्र नेमके कोणाचे आहे ते वाचा, आणि शिकवणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या कामाची प्लेट कोणत्या छापखान्यात निघाली, ते विचारून तेथे स्वतः जाऊन या.

संस्थेच्या नव्या जाहिरातीत ‘आमच्या विद्यार्थिनीचे काम’ म्हणून माझीच पहिली पत्रिका झळकते आहे, अर्थात पडद्यावरच्या मोरपंखी रंगात. ती काढून टाकावी असे पत्र मी नोंदणीकृत टपालाने पाठवले आहे. पोचपावती आली, उत्तर आलेले नाही.