नारुतो: मांगा वाचावी की अ‍ॅनिमे पाहावी?

कोनोहा गावातल्या पोरक्या निन्जाची ही कथा कोणत्या माध्यमातून अनुभवावी, असा पेच पडलेल्यांनी प्रथम वेळेचा हिशेब मांडावा. मासाशी किशिमोतो यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९९ ते २०१४ या काळात ७०० प्रकरणांत पूर्ण झाली. अ‍ॅनिमेच्या, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या जपानी अ‍ॅनिमेशनच्या, दोन मालिका मिळून मात्र ७२० भाग होतात आणि त्यांत मूळ कथेत नसलेले भरताड पुष्कळ आहे. पहिल्या मालिकेत तर १३६व्या भागापासून २१९व्यापर्यंत जवळजवळ तेच आहे, ते खुशाल वगळावे.

खर्चाच्या दृष्टीने मांगाचे ७२ खंड विकत घेणे खिशाला जडच.

परिणामाच्या बाबतीत मात्र अ‍ॅनिमे काही ठिकाणी वरचढ ठरते. गारा नावाच्या निन्जाशी लढताना रॉक ली हा दुसरा निन्जा पायांची वजने काढून खाली टाकतो, ती आदळून धुरळा उसळतो आणि त्यानंतरचा त्याचा वेग स्थिर चौकटींपेक्षा पडद्यावर अधिक भिडतो. उलट, शेवटच्या महायुद्धात वारंवार येणाऱ्या पूर्वस्मृती पडद्यावर अक्षरशः अंत पाहतात.

ज्यांना आटोपशीर कथा हवी त्यांनी मांगा घ्यावी. लढतींची आणि संगीताची ओढ असलेल्यांनी भरताड गाळून अ‍ॅनिमे पाहावी.